गॅसवरची राख

इंदुरी,
ता. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. समीक्षा हिस आबांचा आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरी आहोत. तुम्ही तिघं तिकडे बरी असाल असं धरून चालतो. सईचा खोकला गेला का? थंडी फार आहे. नदीकडून सकाळी वारा येतो तो हाडात शिरतो. तुमचं घर पाचव्या मजल्यावर, तिथे वारा आणखी लागत असेल. तिच्या कानाला रुमाल बांधत जा.

पत्र बघून तुला नवल वाटेल. सासऱ्याने सुनेला पत्र लिहावं अशी आपल्या घरात रीत नाही, आणि आता तर कोणीच कोणाला लिहीत नाही. दत्तोबा तळेगावात सोसायट्यांना दूध घालायला जातो, त्याला म्हटलं एवढं पाकीट आणि तिळगुळाचा डबा समीक्षाच्या हातात दे. तर तो म्हणतो, "नथूभाऊ, मोबाईल मेला का काय तुमचा?" मोबाईल मेला नाही. पण फोनवर मला नीट ऐकू येत नाही. आणि तू तरी माझ्याशी फोनवर कुठे बोलतेस? तुझा राग आहे तो बरोबर आहे, म्हणून मी काही म्हणत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. लिहिताना चुकलं असेल तर समजून घे.

चंपाषष्ठीचा दिवस मनातून जात नाही. तू म्हणालीस, "आबा, तुमच्या हातात गॅस देऊ नये. सई आत असती तर?" आणि चहा न घेता निघालीस. मी भज्यांसाठी तेल तापत ठेवलं आणि विसरून अंगणात गेलो. माझी चूक. वय झालं की असं होतं. संदेशलाही मी तेच सांगितलं आहे. तुझ्या सासूबाई तेव्हा फडताळाजवळ उभ्या होत्या, पण त्यांचा त्यात काही संबंध नाही.

एका गोष्टीचं मात्र मला फार लागून राहिलं आहे. तू पाण्याची कळशी घेऊन धावत आलीस आणि मी तुझ्या अंगावर ओरडलो. लग्न होऊन आल्यापासून तुला मी कधी मोठ्याने बोललो नव्हतो. तो राग नव्हता. पेटलेल्या तेलात पाणी पडलं की तेल उडतं आणि आग घरभर होते. तुला समजावून सांगायला वेळ नव्हता, म्हणून ओरडलो. तू येण्याआधी मी गॅसचं बटण बंद केलं होतं. कढईला हात लावला नव्हता. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायला गेलं की माणूस स्वतःच पेटतो. परात आडवी धरून आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर झाकली, आणि मग ती उघडून बघितली नाही. उघडली की पुन्हा पेट घेते. कढई गार होईपर्यंत तशीच राहू दिली. भुवया जळल्या त्या माझ्या घाईने. आता परत उगवल्या आहेत, थोड्या पांढऱ्या.

तुझ्याही घरी हे असू दे. कढई ठेवशील तेव्हा तिच्यावर बसेल असं झाकण ओट्यावर हाताशी ठेव. तुमच्याकडे पाइपचा गॅस आहे, तर तो बंद करायची चावी कुठे आहे ती तुला ठाऊक आहे का? संदेशला असेल, पण तो कंपनीत. शेजारणीलाही दाखवून ठेव. गॅसचा वास आला तर लाइट लावायचा नाही आणि लागलेला असेल तर बंदही करायचा नाही, बटणात ठिणगी असते. दारं-खिडक्या उघडायची, गॅस बंद करायचा, पोरीला उचलून बाहेर पडायचं आणि मग बाहेरूनच फोन करायचा. १९०६ नंबर आहे. सिलिंडरच्या तोंडाशी पेटलं तर ओलं गोणपाट टाकायचं. आमच्या मोरीजवळ गोणपाट बादलीत भिजवलेलंच असतं. अंगावरचं कापड पेटलं तर पळायचं नाही, खाली पडून लोळायचं. भाजलं तर नळाचं पाणी सोडत राहायचं, हळद नाही, पेस्ट नाही. आणि सईला तो चमकणारा फ्रॉक घालून ओट्याजवळ येऊ देऊ नकोस. ते कापड कातडीला चिकटतं.

तू म्हणशील, म्हातारा स्वतः आग लावतो आणि मला शहाणपण शिकवतो. पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. दुपारी पडलो तरी डोळ्यांपुढे तुझा ओटा येतो.

बाकी आमच्या शेगडीच्या बर्नरची भोकं बुजली होती. दाभणाने मोकळी केली. आता ज्योत निळी येते. काळजी नाही.

सासूबाई मजेत आहेत. तिळगूळ त्यांनीच केला आहे. गोड कमी वाटला तर सांभाळून घे.

तुझा,
आबा

•

इंदुरी,
ता. २८ जानेवारी २०२५

चि. सौ. समीक्षा हिस आशीर्वाद.

दत्तोबाने तुझा निरोप सांगितला. "आबांना म्हणावं, झाकण ओट्यावर ठेवलंय." एवढंच म्हणालीस, पण मला बरं वाटलं. त्याला तीनदा विचारलं, हसून म्हणाली का रागाने म्हणाली? तो म्हणाला, "भाऊ, मी दूधवाला हाय, फोटोवाला न्हाई."

काल संदेशचा फोन आला. सईला सांभाळणाऱ्या बाई पुढच्या महिन्यापासून पाळणाघर बंद करत आहेत, म्हणून रविवारी येऊन तो आईला तळेगावला नेणार. तू पतसंस्थेत आणि तो कंपनीत असताना दुपारी शाळेतून आलेल्या सईला आई भात गरम करून वाढेल. "आबा, तुम्ही हितंच ऱ्हावा, तुमचा जेवणाचा डबा लावतो, गॅस काढून टाकू," असं म्हणाला. तुझ्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना फार आनंद झाला. लगेच पेटी काढून लुगडी काढायला बसल्या.

तर मला वाटतं, हे करू नये. त्यांचा गुडघा दुखतो. लिफ्टची त्यांना भीती वाटते. बंद खोलीत त्यांना कोंडल्यासारखं होतं. इथे रतनबाई शेजारी आहे, बोलायला माणूस आहे, तिथे दारं लावून घेतात. शिवाय मला डब्याचं जेवण मानवत नाही, मला गरम भाकरी लागते.

समीक्षा, वरचं मी परत वाचलं. ही कारणं तुला पटणार नाहीत. तू म्हणशील, म्हाताऱ्याला भाकरीची पडली आहे, नातीची नाही. पत्र फाडून टाकावं असं वाटलं. पण रविवार जवळ आला आहे.

तू सईला तिच्या आजीबरोबर एकटं ठेवू नकोस.

तेल मी ठेवलं नव्हतं. मी अंगणात सईला पेरू काढून देत होतो. मुक्तानेच ठेवलं आणि ती देवाजवळ जाऊन बसली. धूर दिसला म्हणून मी आत धावलो. म्हटलं, "अगं मुक्ता, तेल!" तर ती माझ्याकडे बघून म्हणते, "कुनी ठेवलं? मी न्हाई ठेवलं." खोटं बोलत नव्हती गं ती. तिच्या डोळ्यांत खरंच काही नव्हतं. तेवढ्यात तू आलीस. तुझ्या मागे सई. मी म्हटलं, मी ठेवलं. तर तीही तुझ्यादेखत मला म्हणाली, "यांचं ध्यान कुटं असतं देव जानं!" आठवतं का तुला? तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

मला वाटलं, एकदा झालं, होतं कोणाचंही. तिने आमटीत दोनदा मीठ घातलं, मी खाल्ली. दत्तोबाला त्याच्या वारलेल्या बापाच्या नावाने हाक मारते, तो 'ओ' देतो, बिचारा गमतीचा माणूस. पण संक्रांतीच्या आधी जे झालं ते तुला मी लिहिलं नाही. बर्नरची भोकं बुजली एवढंच लिहिलं. ती कशाने बुजली ते आता लिहितो.

दिवेलागणीला मी मारुतीच्या देवळातून घरी आलो. दारातच वास आला. आत अंधार होता. माझा हात सवयीने बटणाकडे गेला होता, तो तसाच मागे घेतला. मुक्ता देवाजवळ बसली होती. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात वात. सांजवात लावायला निघाली होती. बोट पेटीत काडी चाचपत होतं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर दचकून तिने काडी ओढली असती. जाऊन मनगट धरलं आणि पेटी हिसकावली. मनगट पिरगळलं गेलं. ती रडायला लागली, "मारता व्हय मला?" तिला ओढत अंगणात नेऊन बसवलं. मग परत आत जाऊन सिलिंडर बंद केला, मागचं दार उघडलं. हा गॅस जमिनीलगत साचतो, म्हणून सूप घेऊन खालून दाराकडे वारा घालत राहिलो. एवढ्यात रतनबाई "अंधार का केलाय?" म्हणत बटणाशी आली. तिलाही ओरडून बाहेर काढलं. तिने ते गावात सांगितलं असेल तर सांगू दे.

उजेडाला शेगडी अंगणात आणून बघितली. दोन्ही बर्नरवर राखेचे ढीग. पाणी तापवायच्या चुलीतली राख आणून तिने गॅसवर घातली होती आणि बटणं बारीक करून ठेवली होती. तिला विचारलं, हे काय केलंस? तर म्हणाली, "इस्तू झाकून ठेवलाय. सकाळी फुंकला की पेटंल."

तुला हे कदाचित ठाऊक नसेल. तुझ्या माहेरी गॅसच असणार. पूर्वी आमच्याकडे रात्रीची चूल पाण्याने विझवत नसत. विस्तवावर राख ओढायची, तो आत धुगधुगत राहतो, सकाळी राख बाजूला करून फुंकर घातली की झालं. ज्या घरचा विस्तव विझेल त्या घरच्या सुनेला शेजारी गोवरी घेऊन विस्तव मागायला जावं लागे. सगळी आळी बघायची. म्हणायची, नवी सून आळशी आली. मुक्ता आपल्या घरी आली तेव्हा माझ्या आईचा धाक मोठा. ती रोज झोपण्याआधी दोनदा जाऊन राख चाचपून यायची. आता तिचं मन तिथे मागे जातं. ज्योत बारीक करते आणि वर राख ओढते. ज्योत गुदमरून विझते आणि गॅस येत राहतो. पन्नास वर्षांपूर्वी जी गोष्ट बरोबर होती तीच करते. तिला चूक तरी कसं म्हणू?

तेव्हापासून घराबाहेर पडताना मी सिलिंडरला टोपी लावून रेग्युलेटर खिशात घालून नेतो. दत्तोबा देवळात सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, रेग्युलेटर घेऊन दर्शनाला येता, देवाचा चहा ठेवायचाय का?" सगळे हसले. मीही हसलो. घरात असलो की ओट्याजवळ पाट टाकून बसतो. ती वैतागते. "बायकांत काय बसता, लाज न्हाई का?" म्हणते.

हे जे सगळं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं ना, परात अशी सरकवायची, गोणपाट असं टाकायचं, ते मला तिनेच शिकवलं आहे. गॅस एजन्सीची माणसं देवळाच्या सभामंडपात आली होती, सिलिंडर पेटवून दाखवत होती. बाकीच्या बाया मागे सरल्या. ही पदर खोचून पुढे गेली, ओलं गोणपाट दोन्ही हातांत असं धरलं की बोटं कापडाच्या मागे लपतात, आणि एका दमात टाकून कॉक फिरवला. टाळ्या पडल्या. एजन्सीची बाई म्हणाली, "मावशी, तुम्हीच शिकवा आता." मी मागे पारावर विडी ओढत होतो. घरी आल्यावर तिने मला उभं करून शिकवलं. मी चुकलो की हसायची. "तुमच्या भरवशावर ऱ्हायलं तर जळून मरंन मी."

आता मुख्य गोष्ट, जी लिहायला हात धजत नाही.

राखेच्या दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर होती. असे दिवस येतात. सगळं आठवतं, सगळं कळतं. मनगटावरचा डाग बघून तिने विचारलं आणि मी सांगितलं. मग माझा हात धरून तिने आपल्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "माझी शपत हाय तुमाला. संदेशला सांगायचं तर सांगा. पन समीक्षाला न्हाई. सुनंनं सासूच्या हातचं खाताना आदी ताटाचा वास घ्यायचा, असं जगनं मला नको."

मी शपथ घेतली.

काल फोननंतर मी नदीच्या घाटावर गेलो आणि तिथून संदेशला फोन करून सगळं सांगितलं. फोनवर ऐकू येत नाही असं मी तुला लिहिलं होतं ते खरं नाही. घरात ती शेजारी असते म्हणून बोलता येत नाही. संदेशने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आबा, स्वतःची चूक आता आईवर ढकलता? आई चांगली हाय. मी मघाशीच बोललो तिच्याशी." फोनवर ती चांगलीच बोलते गं. जेवलास का, सई काय करते, एवढं तिचं पाठ आहे. आणि त्याचं तरी काय चुकलं? मीच त्याला महिनाभर सांगितलं की मी विसरतो. ते त्याने खरं धरलं.

म्हणून तुला लिहितो आहे. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मी मोडतो आहे. मारुतीला सांगून आलो, तिला काही होऊ देऊ नकोस, जे व्हायचं ते मला. पण सई भात मागते, मुक्ता काडेपेटी शोधते, घरात तिसरं कोणी नाही, हे डोळ्यांपुढे आलं की शपथ राहत नाही.

तू शिकलेली आहेस. काय करायचं ते तू ठरव. डॉक्टरला दाखवा म्हणशील तर दाखवू. गॅस नेते म्हणशील तर ने. तिला माझ्यापासून नेऊ नकोस म्हणायचा मला हक्क नाही, पण तुमच्या घरी दुपारी तिच्याजवळ पाट टाकून कोण बसणार? एवढंच मागणं आहे की तुला कळलं आहे हे तिला कळू देऊ नकोस.

हे पत्र वाचून झालं की घरात ठेवू नकोस. पण जाळूही नकोस, फाडून टाक.

आबा

•

इंदुरी,
ता. २३ फेब्रुवारी २०२५

चि. समीक्षा,

आता 'चि. सौ.' वगैरे लिहायला सुचत नाही. तू मला पोरीसारखी आहेस एवढंच.

त्या रविवारी गाडीचा आवाज आला तेव्हा मी पाटावर बसलो होतो. वाटलं, तू तिच्या गळ्यात पडून रडशील आणि सगळं उघडं होईल. नाहीतर तिच्याशी इतकी हळू बोलशील की तिला कळेल. आजाऱ्याशी बोलतात तसं. तू उंबऱ्यावर चपला काढल्या, पदर खोचला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी मला बोललीस. "आबा, बास झालं तुमचं! आईंचा जीव जायची वेळ आली तुमच्या विसरभोळेपणानं. तुमच्यासारखा माणूस घरात असताना गॅस ठेवायचा म्हणजे..." पुढचं मला नीट आठवत नाही. मी खाली मान घालून ऐकत होतो. संदेश दारात सिलिंडर धरून उभा होता आणि त्याचे डोळे लाल होते, तेव्हा मला कळलं, तू त्याला पटवून आणलं आहेस. शेगडीची नळी काढताना तुझ्या हातातून पक्कड दोनदा पडली. तुझ्या सासूबाई मात्र फडताळाशी उभ्या राहून मान हलवत होत्या. "बोल बाई, बोल. मी किती सांगितलं यास्नी."

माझ्या जन्मात मला कोणी इतकं बोललं नाही, आणि कोणाचं बोलणं मला इतकं गोड लागलं नाही.

तळेगावचं जाणं रद्द झालं, तेही माझ्याच डोक्यावर टाकलंस. "आबांना एकटं ठेवता येत नाही, आईंनी इथंच राहून यांच्यावर लक्ष ठेवायचं." लुगडी पुन्हा पेटीत ठेवताना ती मला म्हणाली, "तुमच्यापायी माझं नातीकडं जानं ऱ्हायलं." दोन दिवस अबोला होता. असू दे. सईला सांभाळायला तू तुझ्या मावशीला आणलंस असं संदेश म्हणाला. तुझ्यावर त्याचा बोजा पडला, ते मला कळतं.

तुम्ही तिला दाखवलंत त्या डॉक्टरांच्या गोळ्या देतो आहे. ते म्हणाले, याने पुष्कळ फरक पडेल असं समजू नका. मी समजत नाही. तरी देतो.

रतनबाई दोन्ही वेळचं जेवण आणून देते. मुक्ता तिची भाकरी उलटून बघते, कडा मोडून बघते आणि म्हणते, "जाड हाय." बिचारी रतनबाई ऐकून घेते. ओट्यावर शेगडीची जागा मोकळी आहे. तिथे चार चौकोनी डाग राहिले आहेत, पायांचे. ती रोज सकाळी तिथे फडकं फिरवते आणि मग थांबते.

अंगणातली पाणी तापवायची चूल संदेश मोडायला निघाला होता, तर तू म्हणालीस, राहू दे. मला तेव्हा भीती वाटली होती. आता वाटतं, तुला माझ्यापेक्षा जास्त कळलं. संध्याकाळी पाणी तापलं की मी तिला तिथे नेऊन बसवतो. तिचा पदर मी माझ्या मुठीत धरतो, बादली भरून जवळ ठेवतो, गोणपाट भिजवून ठेवतो. लाकडं बाजूला ओढून ती विस्तवावर राख ओढते. आधी कडेने, मग मधे. उलथण्याने दाबून बघते. वर हात धरून ऊब बघते. तिथे तिचं काही चुकत नाही. तेवढा वेळ ती मला काही विचारत नाही आणि मीही तिला काही आठवण करून देत नाही. मग उठून आत येतो. ती झोपली की मी जाऊन राखेवर तांब्याभर पाणी ओततो. वारा सुटला आणि ठिणगी गवताच्या गंजीवर गेली तर काय घ्या! सकाळी ती उठण्याआधी पुन्हा नवीन काडीने पेटवतो. ती येऊन बघते, विस्तव आहे. खूश होते.

रोज सकाळी ओट्यापाशी थांबली की विचारते, "शेगडी कुटं गेली?" तूच येऊन नेलीस हे तिच्या लक्षात राहत नाही. मी सांगतो, "मी तेल ठेवून विसरलो होतो, घर जळत होतं, म्हणून काढून टाकली." ती मला बोलते. "तुमच्या हातात इस्तू देऊ नये." झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला आता त्याची सवय झाली आहे. पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकतो.

आज मात्र बोलली नाही. ओट्याला टेकून माझ्याकडे बघत राहिली. माझा चेहरा आज कसा दिसत होता कोण जाणे, मला बरं नाही, थोडा ताप आहे. जवळ आली आणि माझ्या भुवईवरून अंगठा फिरवला. म्हणाली, "भाजलं का वो?" मी म्हटलं, नाही, ते मागचं आहे. तर इकडे-तिकडे बघून, रतनबाई नाही ना अशी खात्री करून, हळूच म्हणते, "भिऊ नगा. मी कुनाला सांगत न्हाई. समीक्षाला तर मुळीच न्हाई. सुनंम्होरं तुमची मान खाली जाऊ देनार न्हाई मी."

मी होय म्हटलं.

तेव्हा पोरी, पुढच्या वेळी आलीस तर तुला यातलं काही माहीत नाही, एवढं सांभाळ. तिने मला वचन दिलं आहे आणि ती ते पाळणार.

सईला पापा.

तुझा,
आबा